मूळ नमुना

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत, शेड नंबर अकराच्या मागे
लाल दिव्याची एक खोली आहे.
पेल्यातला रंग ओळखू येऊ नये म्हणून लाल.
तिथे मी सोळा वर्षं
आवळ्याचं सरबत थुंकते आहे.

गिळायचं नाही. तोंडात धरायचं, घड्याळ सुरू करायचं,
दर पाच सेकंदांनी आंबटाला आकडा द्यायचा, पंधरापैकी.
पहिल्या क्षणाला बारा. विसाव्या सेकंदाला सात.
मग तुरट येतं, हिरड्यांच्या कडेकडेनं,
आणि साठ झाले की कोमट पाणी,
एक अळणी बिस्कीट, पुढचा पेला.

पेल्यांना नावं नसतात. ३७१. ८०४. ५९२.
कोणता काल भरला, कोणता वर्षभर पडून आहे
ते फक्त तुंगारबाईंच्या वहीला ठाऊक.
अडतीस अंशांच्या कपाटात एक महिना ठेवलं
की बाहेरचे चार सरले असं धरतात.
त्या कपाटासमोरून जाताना मी जरा भरभर चालते.

तक्त्यावर छापलेले शब्द नऊ.
मचूळ त्यात नाही. कुबट नाही.
एकदा मी समासात लिहिलं, ‘उतरलंय’.
तुंगारबाईंनी खाली लाल शाईत विचारलं,
‘किती?’

दर जानेवारीत परीक्षा आमची.
कडू पाण्याचे आठ पेले, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट कडू;
पहिल्यांदा कुठे लागलं ते सांगायचं.
नवी होते तेव्हा दुसऱ्यातच तोंड वाकडं व्हायचं.
गेल्या साली चौथ्यात. यंदा पाचव्यात.
घरी मी कारली मीठ लावून पिळायची विसरते,
श्रीरंग काही बोलत नाही,
दह्याची वाटी जवळ ओढतो.

मार्चमध्ये सहकारनगरहून एक बाटली आली, अर्धी प्यालेली,
गळ्याला रबरानं बांधलेलं पोस्टकार्ड:
‘पूर्वीची चव राहिलेली नाही.
कृती बदलली असल्यास लेखी खुलासा करावा.
वि. गो. परचुरे, वय ८१.’

तीन पेले मांडले. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा शोधा.
एकीकडे परचुऱ्यांची बाटली,
दुसरीकडे उणे वीसमध्ये जपलेला मूळ नमुना.
बाराजणांपैकी चौघांना सापडला.
अंदाजपंचे बोट ठेवलं तरी चौघांना सापडतोच.
मी त्या चौघांत नव्हते.

फरक नाही, असं टाईप झालं, शिक्का बसला.

पण मूळ नमुना तरी कुठला मूळ?
तो दर दिवाळीच्या सुमाराला संपत येतो,
मग त्याच्याशी जुळणारा नवा निवडतात,
त्यावर ‘मूळ’ची चिठ्ठी डकवतात.
जुळतो का, ते आम्हीच सांगतो.
सोळा वेळा सांगितलं: जुळतो.
सोळाही वेळा खरंच सांगितलं.
पहिल्या आणि सोळाव्या बाटलीला
कुणी शेजारी बसवून विचारलेलं नाही.
पहिली आहे कुठे?

ती फक्त माझ्या पोटात गेली.
पहिल्या दिवशी मला थुंकायचं माहीत नव्हतं,
तांबोळी हसली होती, अगं, पाहुणचार नाही हा.
ती गेल्या जूनमध्ये निवृत्त झाली.
चव आठवायला जावं तर
तिचं हसूच आठवतं, आणि नव्या स्टुलाचा रंगाचा वास.

परचुऱ्यांचं दुसरं कार्ड आठवड्यात आलं:
‘उत्तर पोचले. समाधान झाले नाही.
उरलेले सरबत परत पाठवावे.’

परत पाठवायला तळाशी दोन बोटं होतं.
सगळे जेवायला गेले होते.
मी लाल दिवा बंद केला, खिडकी उघडली.
तो असा तपकिरी असतो हे विसरलेच होते.
घड्याळाला हात न लावता प्यायले.

मग नळाखाली ओंजळ धरली.
पाणी गोड लागलं, आवळ्यानंतर लागतं तसं.
तेवढं अजून लागतं.
परचुऱ्यांना हे कोणत्या रकान्यात कळवू?